बरडावरचं उभं झाड

दर रविवारी सकाळी मी दहाबारा माणसांना साडेसहा कोटी वर्षं मागे नेतो आणि दुपारच्या जेवणाला परत आणतो. हा धंदा नाही. मी इंझोरीजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवतो, पगारावर घर चालतं. पण वाशीम जिल्ह्यात पाहण्यासारखं आहे तरी काय, असं कुणी नाक मुरडून विचारलं की माझं डोकं फिरतं. ही सहल त्या रागातूनच सुरू झाली, आणि राग काही कमी होत नाही म्हणून नऊ वर्षं चालली आहे.

वाशीम स्टेशनवर माणसं उतरवून घ्यायची, गाडीत बसवायची आणि आधी रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरापाशी थांबायचं. तिथे काळ्या दगडाचे दोन थर एकावर एक बसलेले दिसतात आणि त्यांच्या मधोमध हातभर रुंदीचा पांढरट पट्टा. लोक काळ्या दगडाचे फोटो काढतात. मी त्यांना पांढऱ्याकडे वळवतो. खालचा लाव्हा थंड झाला, मग कित्येक हजार वर्षं काहीच झालं नाही. त्या निवांत काळात पाणी साचून तळं झालं, तळ्यात गोगलगायी झाल्या, काठाला ताडासारखी झाडं उभी राहिली. मग वरून पुन्हा लाव्हा आला. पट्टा म्हणजे तो निवांत काळ, एवढं मी सांगतो आणि गप्प बसतो. मास्तर गप्प बसला की पोरंही ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

तिथून बरडावर जायचं. बरड म्हणजे कुसळाशिवाय काही न उगवणारी मुरमाड जमीन. आमच्या टेकडीच्या उतारावरचं बरड पावसाने इतकं चिरलंय की माणूस उभा बुडेल एवढ्या घळी पडल्या आहेत. घळीच्या भिंतीतून दगडी गोगलगायी हाताने वेचता येतात, पायाखाली दगड झालेल्या लाकडाच्या ढलप्या वाजतात. आणि सगळ्यात शेवटी, घळी संपतात त्या सपाटीवर, ते उभं झाड.

झाड म्हणजे खोडाचा तुकडा. एक फूट जाड, माझ्या कमरेइतका उंच, पूर्ण दगड. आडवी पडलेली अशी खोडं विदर्भात अनेक ठिकाणी मिळतात. उभं सापडणं मोठं नवल, कारण उभं असेल तर ते जिथे उगवलं तिथेच मेलं, आणि त्याच्या मुळाशी तेव्हाची माती अजून असणार. ते आम्हाला दिसलं नऊ वर्षांपूर्वी. आम्ही म्हणजे मी आणि माझे सर, भाऊसिंग राठोड. ते मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचे, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्या खोडावर त्यांनी पेपर लिहिला. आयुष्यभर दुसऱ्यांनी शोधलेले दगड शिकवले धम्मपाल, हा एक आपला, असं ते मला म्हणाले होते.

गेल्या पावसाळ्यानंतर त्या झाडाला वेगळीच किंमत आली. टेकडीची मागची बाजू खदानीने खाल्ली आहे. पुढच्या बाजूसाठी, म्हणजे बरडासाठी, अर्ज पडला होता. सरांनी आणि मी धावपळ केली, अर्जविनंत्या केल्या, आणि शेवटी नागपूरहून एक समिती नेमली गेली. समिती म्हणजे प्रत्यक्षात एकच बाई, डॉ. वैभवी कुलकर्णी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. झाडाच्या बुडाशी गुडघाभर खोदायचं. मुळं किंवा जुनी माती निघाली तर टेकडी राखण्याची शिफारस त्या करणार. नुसत्या गोगलगायींवर आणि ढलप्यांवर शिफारस होत नाही, त्या इतरत्रही आहेत. सगळी टेकडी त्या एका खोडावर उभी होती.

खोदायचा दिवस रविवारच ठरला. शनिवारी संध्याकाळी जेवताना मी बायकोला हे सांगत होतो. माझी माय, पंचफुलाबाई, सत्तरीची असेल, तिलाही नक्की ठाऊक नाही, ती कोपऱ्यात भाकर कुस्करून खात होती. माझ्या दगडांचं तिला कधी कौतुक नव्हतं. पोरगा रविवारचा दगडं दाखवायला जातो, एवढंच ती शेजारणींना सांगायची. त्या संध्याकाळी मात्र तिने विचारलं, उभं हाय म्हनतं ते केवढं हाय? मी कमरेला हात लावून दाखवलं. कोनत्या अंगाले? टेकडीखालच्या तलावाच्या वरच्या अंगाला, म्हटलं. तिचा हात थांबला. मग म्हणाली, "मी बी येतो उद्या."

मी नाही म्हटलं. तिचे गुडघे गेलेले, बरडावर तरुण माणसं घसरतात. तिने दुसऱ्यांदा काही म्हटलं नाही, पण सकाळी पांढरं लुगडं नेसून गाडीच्या पुढच्या सीटवर बसलेली सापडली. मला रागच आला. समितीचा दिवस, आणि हिला फिरायला जायचंय. चारचौघांत आईवर ओरडता येत नाही म्हणून मी गाडीचं दार जोरात लावलं.

वाटेत नेहमीप्रमाणे थांबलो, नेहमीप्रमाणे बोललो. पाहुणे आठ होते, शिवाय सर आणि वैभवी मॅडम. खोदायला देवमन होता, आमच्या गावचाच, पहार आणि फावडं घेऊन. माय काठी टेकत सगळ्यांच्या मागे येत होती. मी दोनदा परत फिरून हात पुढे केला, तिने घेतला नाही. गोगलगायींच्या घळीपाशी लोक खाली बसून वेचायला लागले, तेव्हा ती पुढे निघून गेली. वाट विचारली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी एका पाहुण्याला गोगलगायीचं तोंड कोणतं आणि शेपूट कोणतं ते समजावत होतो.

आम्ही सपाटीवर पोचलो तर माय झाडापासून दहा पावलांवर उभी होती. मी झाडाजवळ गेलो आणि नेहमीसारखा एक पाय त्याच्या बुडाच्या दगडांवर ठेवून बोलायला लागलो. हे झाड पडलं नाही. तळ्याच्या गाळाने ते उभ्या उभ्या वेढलं, पाण्यात विरघळलेली गार, म्हणजे सिलिका, त्याच्या नसानसांत शिरली, आणि लाकडाचा कण जाऊन तिथे दगडाचा कण बसला. साडेसहा कोटी वर्षं ते आपल्या जागेवरून हललेलं नाही. हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडायचं.

वैभवी मॅडमनी दोरी लावून जागा आखली. सरांनी टोपी काढून हातात घेतली, ते घाबरले होते. देवमनने पहार उचलली.

"पाय काढ तथून," माय म्हणाली.

मला वाटलं देवमनला म्हणतेय. ती माझ्याकडे पाहत होती. मी पाय काढला. ती पुढे आली, काठी बाजूला टाकली आणि आखलेल्या दोरीच्या आत, बुडाशी, मांडी घालून बसली. देवमनची पहार वरच राहिली.

"इथी मायं लेकरू हाय," ती म्हणाली.

 मग तिने सांगितलं, तुटक तुटक, खाली मातीकडे पाहत. मी इथे ते ओळीने सांगतो, तिने तसं सांगितलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात खालच्या तलावाच्या पाळीचं काम निघालं होतं. पाच-सहा गावांची माणसं इथेच पालं ठोकून राहिली होती. त्यांत माझी माय आणि बाप, दौलतराव. माय अठराची, तिच्या कडेला पाच महिन्यांचा मुलगा. पुरुष माती टाकायचे, बाया टेकडीवरचा दगड फोडून खडी करायच्या. खडी मोजायला बुडाशिवायची लाकडी पेटी असे. पेटी भरली तर दिवस भरला. दोन महिन्यांत जवळचा दगड संपला, मग बाया लांब लांब जाऊन मुठीएवढे धोंडेही गोळा करू लागल्या. मुलाला हगवण लागली. मालेगावच्या दवाखान्यापर्यंत नेऊ म्हणेपर्यंत दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

लहान लेकराला पुरतात. बापाने वर येऊन खड्डा केला, पुरलं, आणि कोल्ह्याने उकरू नये म्हणून वर दगडं रचली. संध्याकाळी माय तिथे आली तर निम्मी दगडं नव्हती. कुणीतरी पेटीसाठी नेली होती. कुणी मुद्दाम नेली नव्हती, टेकडीवर सुटा दगड दिसला की हात आपोआप जाई. मायचाही गेला असता. दुसऱ्या दिवशी सगळीच गेली. कोल्ह्याचं भय नंतरचं, आधी भय आपल्याच माणसांचं.

तेव्हा त्यांच्या टोळीतल्या तुळसाबाईने तोड काढली. खालच्या घळीत एक लांब खोडासारखा दगड पडला होता, एकट्याला हलणार नाही असा. टोळीतल्या बाराजणांनी एका पहाटे तो पहारींनी आणि दोरांनी वर आणला आणि पोराच्या उशाशी पुरला. आडवा ठेवला असता तर मुकादमाने फोडायला लावला असता, एवढ्या दगडात दोन पेट्या निघाल्या असत्या. म्हणून उभा गाडला, हातभर खोल, आणि भोवती पांढरी माती चोपून चोपून बसवली. मुकादम आला, त्याने लाथ मारून पाहिली. जमिनीतूनच वर आलेला दिसतो, म्हणाला, आणि सोडून दिला.

"जमिनीचाच वाटला पाह्यजे म्हनून लय खपलो आमी," माय म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहत होते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते मी लपवत नाही. मला राग आला. माझा एक भाऊ होता आणि सत्तेचाळीस वर्षं मला कुणी सांगितलं नाही. आमच्यात पाठच्या लेकरासमोर पुढच्याचं मरण काढत नाहीत, त्याच्या जिवाला घोर लागतो म्हणतात. बापाने हे पाळलं, पाळता पाळता मरून गेला. माय पहिली काही वर्षं इथे येत होती. मी पोटात असताना ती शेवटची आली आणि आता येत नाही म्हणून त्याला सांगून गेली. माझ्या फोनमध्ये या झाडाचे तीनशे फोटो आहेत. गावातल्या किराणा दुकानदारालाही मी ते दाखवलेत, घरातल्या बाईला एकही दाखवला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

रागानंतर आलं ते त्याहून वाईट होतं. ही टेकडी जाणार, हा विचार. तो आला आणि मी चारचौघांसमोर आईला म्हणालो, "माय, पन्नास वर्सं झाली. दुसरा कोनता दगड असन तो."

ती रागावली नाही. तिने खोडाच्या पलीकडच्या अंगाला हात फिरवला आणि न पाहता एका खोबणीवर बोट ठेवलं. दोरी सुटली तेव्हा बापाची पहार निसटून इथे बसली होती, म्हणाली, त्याच्या अंगठ्याचं नख गेलं होतं. बापाचा नख नसलेला अंगठा मी लहानपणापासून पाहिला होता. ती खोबण मी नऊ वर्षं तुटलेल्या फांदीची खूण म्हणून दाखवत होतो.

वैभवी मॅडम खाली बसल्या. बाई चांगल्या होत्या. त्या मायला हळू आवाजात म्हणाल्या की आम्ही दुसऱ्या अंगाने, लांबून, अगदी थोडं खोदू, तिकडे हात लावणार नाही. मी मध्येच बोललो. मी तिला समजावलं की खोदलं नाही तर झाडाचं काही सिद्ध होणार नाही, मग खदानवाले येतील, आणि ते सुरुंग लावतात, ते काही विचारणार नाहीत. टेकडी वाचली तर तोही वाचेल. मी खरंच तसं मानत होतो. पण त्या क्षणी मला हेही माहीत होतं की झाड उगवलेलं नाही, पुरलेलं आहे, आणि खोदून निघणार होतं ते फक्त आमचं खोटं.

"खदानवाले परके हायेत," माय म्हणाली. "ते आले तं आले. तू त्याचा भाऊ होय. तुया हातानं नको."

मी देवमनच्या हातातून पहार घेतली आणि लांब नेऊन ठेवली. परत आलो आणि पाहुण्यांसमोर उभा राहिलो. आठ माणसं माझ्याकडे पाहत होती, त्यांतल्या दोघांनी थोड्या वेळापूर्वी झाडाला टेकून फोटो काढला होता, आता ते लांब सरकले होते. मी म्हणालो की मी मघाशी सांगितलं ते चूक होतं. हे झाड इथे उगवलं नाही. ते खालच्या घळीत पडलेलं होतं आणि माझ्या आईबापाने ते इथे उभं केलं, माझ्या मोठ्या भावासाठी.  मास्तरचा आवाज वर्गात कधी कापू नये, पण कापला.

वैभवी मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मला म्हणाल्या, "मला जे आहे ते लिहावं लागेल." मी म्हटलं, लिहा. त्यांचे डोळे भरले होते, पण शिफारस होणार नव्हती, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

सरांचं मला सगळ्यात भय होतं. ते आले, मायच्या समोर उकिडवे बसले, आणि तिने हात फिरवला होता त्या खोबणीवर त्यांनीही हात फिरवला. त्यांची आई त्याच दुष्काळात दुसऱ्या एका कामावर खडी फोडत होती, हे मला त्यांनी कधीतरी सांगितलं होतं.  मग मायला म्हणाले की मुकादमाला फसवायला दगड उभा केला तुम्ही, आणि फसलो मी, एवढं शिकून. माय म्हणाली, तुमाले कशाले फसवू सर, तुमी तवा कुठं होते. सर हसले, पण ते हसणं नव्हतं. माझा पेपर चुकीचा आहे असं मी छापून जाहीर करीन, आजच लिहायला बसतो, एवढं बोलून ते उठले. त्यांना उठायला देवमनने हात दिला. त्यांच्या आयुष्यातला एकमेव स्वतःचा दगड ते तिथे ठेवून खाली उतरले, आणि घळीच्या वळणापर्यंत त्यांनी टोपी घातली नाही.

बाकीची माणसंही गेली. जाताना एका बाईने रानातली कसलीशी पिवळी फुलं झाडाच्या बुडाशी ठेवली. आम्ही बौद्ध माणसं, दगडापुढे हात जोडत नाही, पण मी काही म्हटलं नाही. त्यांना दुसरं काय सुचणार होतं.

मी मायच्या शेजारी जमिनीवर बसलो. ऊन वर आलं होतं. पलीकडून, रविवार असूनही, खदानीच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. त्याचं नाव काय होतं, मी विचारलं.

"आनंद," ती म्हणाली. हे नाव मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. आमच्या गल्लीत दोन आनंद आहेत, त्यांना ती पाटलाचा पोरगा आणि दुकानवाला म्हणते. ते का, हे मला आता कळलं.

थोड्या वेळाने तिने विचारलं, मघाशी तू सांगून राह्यला होता, गाळात गाडलं की लाकडाचा कण जाते अन् दगडाचा येते, ते खरं होय का? खरं आहे, म्हटलं. ती मातीवर तळहात ठेवून बसली होती.

"हाडाचा बी होत असन मंग दगड?"

 हाडाचा दगड होतो, पण त्याला खोल गाळ लागतो, पाणी लागतं, हवा बंद व्हावी लागते. पाच महिन्यांच्या लेकराची हाडं कोवळी असतात, हातभर मुरमात ती बहुधा माझ्या जन्माच्या आधीच मातीत मिळाली असतील. म्हणजे आम्ही खोदलं असतं तरी हाती काही लागलं नसतं. मघापासून मला हे माहीत होतं, आणि हे तिला सांगण्याची हिंमत माझ्यात नव्हती. खोटं सांगण्याचीही नव्हती, एका दिवसात तेवढं पुरे झालं होतं.

"वेळ लागते, माय," मी म्हणालो. "लय वेळ लागते. लाखो वर्सं कोनी हलवलं नाही पाह्यजे."

तिने मान हलवली. यंत्र क्षणभर बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं, तेव्हा तिने टेकडीच्या त्या अंगाला पाहिलं.

"मंग तेवढा वेळ भेटला पाह्यजे त्याले," ती म्हणाली. "ते आता तू पाह्य."